सगळ्यात बारीक ओळ

"ते कार्ड खाली उतरव, ताई. शेवटचं सांगतोय."

"शेवटचं तू परवापासून सांगतोयस. एकदाचं सांगून मोकळा हो."

"मला मस्करी नकोय. अकरा वाजता ती येणार, बापाला हाताला धरून. आत आल्या आल्या तिच्या डोळ्यांसमोर ते कार्ड लटकलेलं नको."

"तिच्या डोळ्यांसमोर लटकलं तर बिघडेल. बापाच्या समोर लटकलं तर त्याला कुठे दिसणारे!"

धाकट्या भावानं काच पुसायचं फडकं काउंटरवर आपटलं. "लाज वाटते का काही? तुझ्यामुळे गेले त्यांचे डोळे."

"माझ्यामुळे?" ताई तपासणीच्या खुर्चीचे हातपाय पुसून झाल्यावर आता तिची मान पुसत होती, जणू खुर्चीलाच आंघोळ घालत होती. "म्हातारा माझ्यासमोर बसून धडधडीत पाठ म्हणतो, वाचतोय असं सोंग करतो, आणि आंधळा झाल्यावर दोष माझा? मी नंबर काढते, मनातलं काढत नाही."

"तेच त्यांनी स्वतःच्या तोंडानं कबूल केलं, तर तू सुटलीस. नाही केलं, तर या कागदावर सही." भावानं टाइप केलेला कागद पुढे सरकवला. "निष्काळजीपणे तपासणी केली, यापुढे कुणाचीही तपासणी करणार नाही. बस्स. नाहीतर ती तक्रार करणार, आणि दुकानाला टाळं."

"आणि मी काय करू? फ्रेमा पुसू?"

"फ्रेमा पूस, नाहीतर घरी बसून पुस्तकं वाच. आयुष्यभर दुसरं केलंयस काय? लग्न नाही केलंस, पुस्तकं केलीस."

यावर ताईकडे चांगलं झणझणीत उत्तर होतं. पण शटर अर्धं वर गेलं होतं आणि बाहेर पहिलं गिऱ्हाईक वाकून आत बघत होतं. तिनं उत्तर गिळलं. कार्ड मात्र खुर्चीच्या डोक्यावर दोरीला लटकत राहिलं.

चष्म्याच्या या दुकानात येऊन ज्यांनी जवळचा नंबर काढून घेतला आहे, त्यांना त्या कार्डाबद्दल सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. जवळचं किती दिसतं हे तपासायला हातात एक कार्ड देतात. वर ठळक अक्षरं, खाली येईल तशी बारीक. मजकूर असा की वाचणाऱ्याला झोप यावी: शेतात गाय आहे, गाय चरते, गाय पांढरी आहे. नंबर काढायचं शिकून आल्यावर ताईनं वर्षभर ती गाय ऐकली. दिवसाला तीस वेळा. मग एके दिवशी तिनं गाय हाकलली आणि त्या जागी एक बाई आणून बसवली.

बाई परदेशातली होती. कुठल्याशा गारठलेल्या देशातल्या, नाव घेताना जीभ अडखळावी अशा लेखकाची कादंबरी. ती कुणीतरी इंग्रजीत आणलेली आणि इंग्रजीतून ताईनं आपल्या हातानं मराठीत. सगळी नव्हे, दहा ओळी. नावाडी मेला आहे, हे गावाला कळू न देता त्याची बायको त्याचा कोट घालून, टोपी कानापर्यंत ओढून त्याची होडी चालवते. पहिल्या ओळीत, ठसठशीत अक्षरांत, नवरा मरतो. मधल्या ओळींत ती माणसं या काठावरून त्या काठावर नेते. आणि सगळ्यात खाली, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत, कादंबरीचं शेवटचं वाक्य: त्या दिवशी कुणीतरी तिला तिच्या नावानं हाक मारली, आणि तिनं वळून पाहिलं नाही.

झालं! गिऱ्हाइकांचा सूरच बदलला.

"ताई, पुढे काय होतं हो? पकडली जाते का ती?"

"खालची ओळ वाचा, कळेल."

"ती दिसत नाही ना."

"दिसत नाही म्हणूनच आलात ना? मग भिंग बदलू द्या."

लोक नंबरासाठी नव्हे, शेवटासाठी डोळे ताणायला लागले. एक शिंपी दोन भिंगं बदलून झाल्यावर हट्टाला पेटला, की अजून जोरकस लावा, मला कळलंच पाहिजे त्या बाईचं काय होतं. ताईनं कार्ड काढून घेतलं. "तुमच्या डोळ्यांना एवढंच झेपतं. शेवट नशिबात नाही तुमच्या." शिंपी खट्टू होऊन गेला. सांगितला असता शेवट, तर काय बिघडलं असतं? पण ताईला द्यायचा नव्हता. ज्याला दिसेल, त्यालाच मिळेल, असा तिचा कायदा. एखाद्या आजीनं फारच गयावया केली, तर ताई पुस्तकाचं नाव चिठ्ठीवर लिहून द्यायची. इंग्रजीत. आजीला इंग्रजी येत नाही, हे माहीत असून.

दर चार-सहा महिन्यांनी गोष्ट बदलायची. विहिरी खणणारा एक माणूस आला, ज्याला वाळवंटात पाणी लागतं आणि तो ते कुणालाच सांगत नाही. बेटावरची एक पोस्टातली बाई आली, लोकांची पत्रं आधी स्वतः वाचणारी. पण नावाड्याच्या बायकोला मागणी फार. तिला बदललं की लोक कुरकुरायचे, म्हणून ती फिरून फिरून यायची. दुकानाच्या गल्लीत, ज्यांनी जन्मात परदेशी पुस्तक हातात धरलं नव्हतं, ती माणसं त्या बाईबद्दल शेजारणीबद्दल बोलावं तशी बोलत. "नवऱ्याचा कोट घालते म्हणजे काय, मापाला तरी बसतो का?" असा वाद केशकर्तनालयात रंगलेला ताईनं स्वतः ऐकला होता. त्या दिवशी ती घरी तरंगत गेली.

हे वेड तिला लावलं सरांनी.

सर म्हणजे शाळेतले इंग्रजीचे सर. उंच, कोरडे, खडूच्या भुकटीला शिंकणारे. ताई शेवटच्या बाकावर बसायची, म्हणून तिचं नाव पडलं 'मागचा बाक'. "मागचा बाक, उभा राहा. मागचा बाक, तोंड उघड. तोंड उघडल्यावर आवाज येतो, हे तुझ्या घरी कुणी सांगितलं नाही का?" वर्ग खिदळायचा. एका दुपारी त्यांनी तिला बाकाखाली पुस्तक ठेवून वाचताना पकडलं. पुस्तक मराठीच होतं, भुताखेताचं. सरांनी ते दोन बोटांनी मेलेल्या उंदरासारखं उचललं, खिडकीतून बाहेर टाकलं, आणि संध्याकाळी स्वतःच्या कपाटातून एक दुसरं काढून दिलं.

"वाच. समजलं नाही तर दोनदा वाच. तरी समजलं नाही तर मला तोंड दाखवू नकोस."

त्या कपाटात जग होतं. बर्फातली, वाळूतली, बेटांवरची पुस्तकं, सगळी इंग्रजीत आणलेली. आतल्या पानावर लेखकाच्या नावाखाली बारीक टाइपात आणखी एक नाव असायचं, ज्यानं ते इंग्रजीत आणलं त्याचं. ते नाव आधी वाचायची सवय ताईला तेव्हाच लागली. पण सर फुकट पुस्तक द्यायचे नाहीत. त्यांचा एक दंडक होता: पुस्तक परत करताना त्याचं शेवटचं वाक्य पाठ म्हणून दाखवायचं. एक शब्द इकडचा तिकडे झाला, की तेच पुस्तक परत हातात आणि महिनाभर दुसरं नाही. "शेवट ज्याला पाठ नाही, तो तिथपर्यंत पोचलाच नाही," असं त्यांचं म्हणणं. बाकीची पोरं दोन पुस्तकांत पळाली. मागचा बाक शाळा सुटल्यावरही येत राहिला. वीस वर्षं, तीस वर्षं. सरांचे केस पांढरे झाले, ताईचे व्हायला लागले, पण दारात उभं राहून वाक्य म्हणायचं आणि मगच आत यायचं, हे काही सुटलं नाही.

कौतुकाचा शब्द? एकदाही नाही. कार्डाची पहिली प्रत ती धडधडत्या छातीनं घेऊन गेली, तेव्हा सरांनी ती नाकाशी धरली आणि परत दिली.

"त्या माणसानं त्याच्या भाषेत लिहिलं. दुसऱ्यानं ते चावून इंग्रजीत थुंकलं. आता ते उचलून तू चावलंस. उष्ट्याचं उष्टं."

"पण लोकांना आवडतंय, सर."

"लोकांना गायही आवडत होती."

ती रडत घरी आली. आणि दुसऱ्या दिवशी कार्ड दुकानात लावलं.

आता मुद्द्याचं. आठ महिन्यांपूर्वी सर दुकानात आले. आपणहून. चष्म्याची दांडी तुटली होती.

"आलाच आहात, तर नंबर बघू या," ताई म्हणाली.

"बघ. तुझं समाधान होऊ दे."

लांबचा तक्ता त्यांनी हातानंच उडवून लावला. "लांबचं मला काय करायचंय? मी काय विमान चालवतो? जवळचं बघ." ताईनं त्यांच्या नाकावर तपासणीची फ्रेम बसवली, डाव्या डोळ्यापुढे काळं झाकण घातलं आणि कार्ड हातात दिलं. त्या दिवसांत कार्डावर नावाड्याची बायकोच होती. सर वाचायला लागले. आवाज असा, की दुकान थांबलं. भाऊ फ्रेमचा स्क्रू आवळता आवळता थांबला. फ्रेमा बघायला आलेल्या दोन मुली गप्प झाल्या. उष्ट्याचं उष्टं म्हणून ज्यानं थुंकलं, तोच माणूस आज तिचं मराठी असं म्हणत होता, की तिला स्वतःला ते नव्यानं ऐकू येत होतं. उजवा झाला. झाकण उजवीकडे गेलं, परत पहिल्यापासून. खालच्या ओळीपाशी आल्यावर सरांनी डावा डोळाही मिटून घेतला. मिटल्या डोळ्यांनी त्यांनी ते मुंगीच्या पायांचं वाक्य म्हटलं, पूर्णविरामापर्यंत.

ताईनं ते पाहिलं. समोर दीड हातावर बसली होती, न पाहून सांगते कुणाला? पण ज्या बाईनं तीस वर्षं शाबासकीची वाट पाहिली, तिला मिटलेला डोळा दिसत नाही, शाबासकी दिसते. तिला वाटलं, आवडलं म्हणून मिटला. तिनं नोंदवहीत 'नंबर तोच' लिहिलं आणि पापण्या पुसत म्हणाली, "सर, तुमचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत."

सर उठले, दांडी बसवलेला चष्मा घेतला आणि गेले.

गेल्या महिन्यात त्यांच्या लेकीला कळलं, की बाबा पेपर उलटा धरतात. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मधोमध डाग आहे, दोन्हीकडे. सहा-आठ महिने आधी आला असतात, तर इंजेक्शनं देऊन थोपवता आलं असतं. आता कडेकडेचं दिसतं, मधलं नाही. समोरच्या माणसाचे कान दिसतात, तोंड दिसत नाही. पान तर मुळीच नाही.

लेक नर्स. ती दुकानात येऊन जे बोलली, ते गल्लीनं ऐकलं. ताईनंही ऐकून घेतलं नाही. "तू नर्स, एका घरात राहतेस, दोन वेळा ताट वाढतेस. तुला नाही दिसलं, आणि मला अर्ध्या तासात दिसायला पाहिजे होतं?" लेकीचा चेहरा थोबाडीत मारल्यासारखा झाला. तिथून प्रकरण कागदापर्यंत आलं.

अकराला पाच कमी असताना ती दोघं आली. सरांनी दाराशी पायरी चाचपली. लेकीनं हात धरायला पुढे केला, तो त्यांनी झटकला. ते सरळ तपासणीच्या खुर्चीकडे गेले, जणू ती कुठे आहे हे नाकानं कळत होतं, आणि बसले. बाकावर वाट बघत बसलेलं एक गिऱ्हाईक, जाडी बाई, उठून जावं की थांबावं या विचारात तिथेच राहिली.

"कागद तयार आहे?" लेकीनं भावाला विचारलं.

"आहे. पण ताईचं म्हणणं आहे, की आधी सरांना एक विचारायचं."

"विचारा की. काय विचारायचं राहिलंय? बाबांचे डोळे परत कधी येणार, ते?"

ताई सरांसमोर आपल्या स्टुलावर बसली. रोज बसते तशीच, गुडघ्याला गुडघा. रात्रभर जुळवलेलं वाक्य तिनं एका दमात म्हटलं. "सर, त्या दिवशी कार्ड तुम्ही वाचलंत, की पाठ म्हटलंत? एवढंच सांगा. माझी खुर्ची त्यावर अवलंबून आहे."

सरांनी मान थोडी तिरपी केली. तिच्या तोंडाऐवजी तिच्या कानाकडे बघत असल्यासारखी. "कोण, मागचा बाक का? आवाज मोठा झालाय तुझा."

"सर, सांगा."

"पाठ म्हटलं."

लेक वळली. "काय?"

"पाठ म्हटलं. वरच्या दोन ओळी दिसत होत्या. खाली सगळा धूर. हिचं कार्ड मला तोंडपाठ होतं. तीनदा आणून दाखवलं होतं हिनं, कौतुक व्हावं म्हणून."

"बाबा! म्हणजे तेव्हाच दिसत नव्हतं तुम्हाला? आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत? मी रोज विचारत होते, पुस्तक का बंद, पुस्तक का बंद, तर म्हणायचात कंटाळा आला!"

"तुला सांगितलं असतं, तर तू दुसऱ्या दिवशी दवाखान्यात झोपवलं असतंस."

"हो, झोपवलं असतं! आणि आज दिसत असतं तुम्हाला!" लेकीचा आवाज फाटला. तिनं पर्स काउंटरवर टाकली. "मी यांना गल्लीसमोर काय काय बोलले. नंबरवाली खुनी म्हणाले. आणि तुम्ही घरात बसून ऐकलंत."

भावानं हळूच कागद उचलला, चारपदरी केला आणि खिशात घातला. ताईच्या खांद्यांवरून महिनाभराचं ओझं उतरताना दिसलं. जाडी बाईसुद्धा सैल होऊन बसली. ताईनं लेकीकडे बघितलं, आणि खरं सांगायचं तर थोडं हसली. जिंकल्यावर माणसाला थांबता येत नाही.

"मी म्हणतच होते," ती म्हणाली. "समोरचा फसवायलाच बसला, तर मी काय करणार? एवढ्या मोठ्या माणसानं, सर, एवढं खोटं बोलावं?"

"थांब," सर म्हणाले. लेकीला. "मला दोष देऊन झाला असेल, तर आता हिला एक विचार. वाक्य म्हणताना माझा डोळा उघडा होता की मिटलेला?"



"म्हणजे?" लेक म्हणाली.

"एक झाकणाखाली होता. दुसरा मी मिटला. मुद्दाम मिटला. चांगला घट्ट, पोरं अंधारात मिटतात तसा." सर पुढे झुकले. त्यांचा आवाज वर्गातला झाला, कोरडा, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "दिसत नाही, हे मला माझ्या तोंडानं म्हणता येत नव्हतं. लेकीला नाही, डॉक्टरला नाही. भ्यालो होतो. पुस्तकं गेली तर माझ्याकडे दुसरं आहे काय? म्हणून दांडी मोडली."

"मोडली?" भाऊ म्हणाला. "तुटली होती ना?"

"मी मोडली. यायला कारण पाहिजे होतं. म्हटलं, जगात एक पोरगी आहे, जिला मी एक शब्दसुद्धा चुकू दिला नाही. ती पकडेल. मला पकडायला हवं होतं कुणीतरी. मधल्या ओळी पाठ म्हटल्या, हिनं पकडलं नाही. म्हटलं, ठीक आहे, सोपं करू या. बालवाडीतलं करू या. डोळाच मिटतो. आंधळ्याची खूण याहून मोठी कुठली असते?"

लेकीनं ताईकडे बघितलं. भावानंही. भावाचा हात परत खिशाकडे गेला होता.

"ताई?" तो म्हणाला. "मिटला होता डोळा?"

"हिला बघा," सर म्हणाले, "हिचं तोंड मला दिसत नाही, पण तुम्हाला दिसतंय ना? तेव्हा मात्र मला थोडंसं दिसत होतं. कडेनं. ही रडत होती. मी आंधळा होत होतो, आणि हिला स्वतःचं मराठी ऐकून रडू येत होतं."

"ताई, काहीतरी बोल," भाऊ म्हणाला.

"तू बघितलंस, मागचा बाक. दीड हातावरून. सांग यांना. माझा डोळा मिटलेला होता की नाही? आणि मिटलेला होता, तर तू काय तपासत होतीस?"

ताई स्टुलावरून उठली. तिचा गुडघा सरांच्या गुडघ्याला लागला, तसे ते दचकून मागे झाले. तिनं काउंटरमागून चपला काढल्या, एक पाय चुकीच्या चपलेत गेला, तो काढून बरोबर घातला. जाडी बाईनं तिला वाट द्यायला पाय आत घेतले. काचेचं दार ढकलून ताई पायरी उतरली आणि गर्दीच्या बाजूला चालू लागली.